सहीच्या आधी

मामाचा गालाचा कॅन्सर उलटला. ऑपरेशन झालं होतं, रेडिएशन झालं होतं, त्यानंतरचं वर्ष बरं गेलं होतं. आता डॉक्टर म्हणाले, पुन्हा कापण्याजोगं राहिलेलं नाही, औषधांवर ठेवू. त्याच बोलण्यात त्यांनी एका ट्रायलचं सांगितलं. सध्या देतात ती औषधं एका गटाला, तीच औषधं आणि वर एक जुनं, स्वस्त औषध दुसऱ्या गटाला. कोण कुठल्या गटात जाणार, ते कॉम्प्युटर ठरवणार. मराठी माहितीपत्रक हातात देऊन म्हणाले, घरी न्या, वाचा, सही नंतर.

मामा तपासणीसाठी डोंबिवलीला मावशीकडे उतरला होता. ते कागद तिच्या जेवणाच्या टेबलावर आले आणि मावशी व माझी धाकटी बहीण यांच्यात जे बोलणं झालं ते मी इथे लिहिते आहे. मावशीने मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात आधी वॉर्डात सिस्टर म्हणून आणि नंतर संशोधन विभागात नोकरी केली. शेकडो रुग्णांना समोर बसवून ट्रायल म्हणजे काय ते सांगण्याचं काम तिचं. धाकटी वकील आहे. वैद्यकीय हलगर्जीपणाचे दावे लढते, आणि रुग्णालयाचा कागद दिसला की आधी शेवटचं पान वाचते.

"प्रयोग करायला आमचा मामाच सापडला का?" धाकटीने सुरुवातच अशी केली. "एसटीत कंडक्टर म्हणून जन्म गेला. डॉक्टर दिसले की उभा राहतो. असल्या माणसाला चौदा पानं देऊन 'वाचून सही करा' म्हणायचं, याला मी संमती म्हणत नाही."

"मग त्याला काय द्यायचं ते तू सांग," मावशी म्हणाली.

"जे चांगलं असेल ते. डॉक्टर आहेत ना? एवढं शिकलेत, रोज असले शंभर पेशंट बघतात. यातलं कुठलं चांगलं ते त्यांनी ठरवावं. कॉम्प्युटरने कशाला ठरवायचं?"

"कारण कुठलं चांगलं ते त्यांना माहीत नाही. माहीत असतं तर ट्रायल घ्यायची परवानगीच मिळाली नसती. आणि माहीत नसताना माहीत असल्यासारखं वागलं की काय होतं, ते तू बघितलंयस. दोन हजार एकवीसच्या एप्रिलमध्ये तुझ्या सासऱ्यांसाठी तू कशाच्या मागे धावत होतीस?"

धाकटी काही बोलली नाही. तिचे सासरे तेव्हा कोविडमुळे पुण्यात ऑक्सिजनवर होते आणि ती रात्रंदिवस प्लाझ्मा देणारा माणूस शोधत होती. घराघरांतल्या फोनवर तेच चाललं होतं. अमुक रक्तगट, बरा होऊन अमुक दिवस झालेला, कुणी आहे का.

"प्लाझ्माचा उपयोग होत नाही हे तेव्हा छापून येऊन सहा महिने झाले होते," मावशी म्हणाली. "आयसीएमआर या सरकारी संशोधन संस्थेने आपल्याच देशात ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर ट्रायल घेतली. अर्ध्यांना प्लाझ्मा, अर्ध्यांना नेहमीचे उपचार. आजार बळावणं किंवा मरण, यांत काही फरक पडला नाही. ऑक्टोबर २०२०मध्ये ते प्रसिद्ध झालं. सरकारी उपचारपद्धतीतून प्लाझ्मा काढायला मे २०२१ उजाडला. मधल्या काळात किती जणांनी दागिने मोडले असतील. डॉक्टरांना मनापासून वाटत होतं की उपयोग होतो. वाटणं हा पुरावा नाही गं."

"पण तेव्हा माणसं मरत होती, मावशी. अशा वेळी चिठ्ठ्या टाकत बसायचं?"

"अशाच वेळी टाकायच्या. ऑक्सफर्ड विद्यापीठाने ते करून दाखवलं. पीटर हॉर्बी आणि मार्टिन लँड्रे या दोघांनी मार्च २०२०मध्ये 'रिकव्हरी' नावाची ट्रायल सुरू केली. आराखडा लिहिल्यापासून नऊ दिवसांत पहिला रुग्ण दाखल. ब्रिटनभरची सरकारी रुग्णालयं त्यात आली. जूनमध्ये निकाल लागला की डेक्सामेथासोन, आपल्याकडे कुठल्याही औषधाच्या दुकानात काही रुपयांत मिळणारं स्टेरॉइड, व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू ४१ टक्क्यांवरून २९ टक्क्यांवर आणतं. रोज ६ मिलिग्रॅम, दहा दिवस. आणि त्याच निकालात दुसरं वाक्य होतं. ज्यांना ऑक्सिजन लागत नाही त्यांना या औषधाचा फायदा दिसत नाही, उलट नुकसान व्हायची शक्यता आहे."

हे दुसरं वाक्य मला वाचकांपुढे मुद्दाम ठेवायचं आहे. दुसऱ्या लाटेत आपल्याकडे साध्या तापाच्या रुग्णांनाही पहिल्या दिवसापासून स्टेरॉइड दिली गेली, हव्या त्या डोसने, हवे तितके दिवस. साखर वाढलेल्या शरीरात म्युकरमायकोसिस शिरला. महाराष्ट्रातल्या किती घरांत कुणाचा डोळा गेला, कुणाचा वरचा जबडा काढावा लागला. औषध कुणाला द्यायचं आणि कुणाला नाही, या प्रश्नाचं उत्तर हजारो ब्रिटिश रुग्णांनी चिठ्ठीतून वाट्याला आलेला गट स्वीकारून आधीच मिळवून दिलेलं होतं.

धाकटी मात्र एवढ्याने मागे हटणारी नव्हती. "ठीक आहे. चिठ्ठ्या टाकाव्या लागतात, मान्य. पण प्रश्न कोण ठरवतं? कंपनीला औषध विकायचं असतं, म्हणून कंपनी ट्रायल काढते. रुग्ण आपले, मार्केट त्यांचं. इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचाने २०१२मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका का दाखल केली? ट्रायलमध्ये माणसं मेली आणि घरच्यांच्या हातात काही पडलं नाही, म्हणून. न्यायालयाने ताशेरे ओढले तेव्हा कुठे सरकार हललं आणि २०१९मध्ये नवे नियम आले."

"कंपन्यांबद्दल तू म्हणतेस ते बरोबर. पण ही ट्रायल कंपनीची नाही, संस्थेची आहे. हा फरक लहान नाही. कंपनी जे कधीच विचारणार नाही, ते संस्था विचारू शकते. परळचं टाटा मेमोरियल घे. अणुऊर्जा खात्याखालची संस्था, होमी भाभा नॅशनल इन्स्टिट्यूट या अभिमत विद्यापीठाचा भाग. तिथे डॉ. राजेंद्र बडवे यांनी स्तनाच्या कॅन्सरमध्ये काय विचारलं माहितीये? गाठ काढण्याआधी तिच्याभोवती लिग्नोकेन टोचलं तर?"

"दात काढताना देतात ते?"

"तेच, बधिर करायचं. अर्धा टक्का ताकदीचं. भुलीखाली असलेल्या बाईच्या गाठीच्या सगळ्या बाजूंनी ते टोचायचं आणि मग सर्जनने सात ते दहा मिनिटं थांबायचं. थिएटरमध्ये दहा मिनिटं हात बांधून उभं राहणं किती कठीण, ते मी पाहिलंय. घड्याळाकडे सगळ्यांचं लक्ष. मग सुरी. एवढंच. बाकी ऑपरेशन तेच, नंतरची औषधं तीच. कल्पना अशी की गाठीला धक्का लागताना पेशी सैरावैरा होतात, त्या बधिर केल्या तर शरीरभर पसरायचं प्रमाण कमी होईल. देशातल्या ११ केंद्रांत १६०० बायका या ट्रायलमध्ये आल्या. पाच वर्षांनी इंजेक्शन न मिळालेल्यांपैकी ८६.४ टक्के हयात होत्या, मिळालेल्यांपैकी ९०.१ टक्के. म्हणजे शंभरात जवळजवळ चार बायका जास्त जगल्या. या लिग्नोकेनवर कुणाचं पेटंट नाही. यातून कुणाला पैसा मिळणार नाही. मग कुठली कंपनी असली ट्रायल काढेल?"

"कुठलीच नाही," धाकटी म्हणाली. तिला हे माहीत नव्हतं आणि ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं. वाद घालतानाही समोरच्याचं खरं ऐकून घेते, हा तिचा गुण.

"आणि ऑपरेशन नको, हेही तिथेच सिद्ध झालं. कॅन्सर आधीच हाडांत, यकृतात पसरलेला असेल तर स्तन काढून काही उपयोग आहे का? कित्येक सर्जन काढायचे. बाईलाही वाटायचं, मूळ तरी गेलं. ३५० बायकांवर ट्रायल झाली. काढलं काय, ठेवलं काय, आयुष्य तेवढंच, साधारण वीस महिने. २०१५मध्ये ते छापून आलं. वीस महिन्यांतले दोन-तीन महिने जखम सांभाळण्यात घालवायचे नाहीत, हे काय कमी आहे?"

मावशीचं बोलणं इथे थांबलं नाही. मामाच्याच जातीच्या रोगावरची गोष्ट तिने पुढे काढली, आणि ती मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. आपल्याकडे तंबाखूमुळे तोंडाचे आणि घशाचे कॅन्सर फार. निवोलुमॅब नावाचं औषध शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीला जागं करतं. पाश्चात्त्य देशांत त्याचा डोस दर दोन आठवड्यांना २४० मिलिग्रॅम. किंमत अशी की आपल्याकडचा सामान्य रुग्ण नाव ऐकून उठून जातो. टाटामधल्या डॉ. विजय पाटील, डॉ. कुमार प्रभाष आणि सहकाऱ्यांनी नेहमीच्या स्वस्त गोळ्यांबरोबर दर तीन आठवड्यांना फक्त २० मिलिग्रॅम देऊन पाहिलं. सहा आठवड्यांचा हिशेब मांडला तर एकीकडे ७२० मिलिग्रॅम, दुसरीकडे ४०. चाळीसची एक कुपी दोन रुग्णांना पुरते. १५१ रुग्ण होते. नुसत्या गोळ्या घेणाऱ्यांपैकी एका वर्षाने १६ टक्के हयात होते, गोळ्यांबरोबर हा थेंबभर डोस घेणाऱ्यांपैकी ४३ टक्के.

"थांब," धाकटी म्हणाली. "पूर्ण डोसाशी तुलना केली होती का?"

"नाही."

"म्हणजे श्रीमंताला पूर्ण डोस आणि गरिबाला अठरावा हिस्सा. आणि वर, बघा चाळीसमध्येही भागतं, असा पुरावा. उद्या एखादी विमा कंपनी किंवा सरकारी योजना म्हणेल, तुम्हाला एवढंच पुरे."

मावशीने जरा वेळ घेतला. "म्हणू शकतील. पण मला सांग, त्या १५१ जणांसमोर खरी निवड कुठली होती? चाळीस की सातशेवीस? नाही गं. चाळीस की शून्य. मी असे रुग्ण पाहिलेत ज्यांच्या मुलांनी जमीन विकायला काढली होती, महागड्या औषधाच्या दोन इंजेक्शनांसाठी. दोन झाली, पैसे संपले, औषध बंद. त्यापेक्षा जेवढं परवडेल तेवढ्यात काय साधतं हे नीट मोजून बघणं मला जास्त प्रामाणिक वाटतं. आणि कोण जाणे, मोठा डोस मुळात गरजेपेक्षा जास्तच असेल. कमी डोस विकून ज्याचं नुकसान होतं तो हे तपासणार नाही."

माझं मत मावशीकडे झुकतं, पण धाकटीची शंका मी बाजूला टाकू शकत नाही. गरिबीला धरून आखलेला प्रश्न गरिबीला कायमचं घर बांधून देऊ शकतो. तिची हीच शंका पुढच्या मुद्द्यात जास्त धारदार झाली.

"आता मी तुला तुझ्याच परळच्या टाटाची गोष्ट सांगते," धाकटी म्हणाली. तिने ही केस कॉलेजात असताना अभ्यासली होती. "१९९८पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची ट्रायल. वीस वस्त्या घेतल्या. दहा वस्त्यांतल्या ७५ हजार बायकांची दर दोन वर्षांनी तपासणी. गर्भाशयाच्या तोंडाला व्हिनेगर लावायचं, पांढरा डाग दिसला तर पुढच्या तपासणीला पाठवायचं. तपासणाऱ्या दहावी पास मुली, महिनाभर शिकवून तयार केलेल्या. इथपर्यंत उत्तम. उरलेल्या दहा वस्त्यांतल्या ७६ हजार बायकांना काय मिळालं? एकदा आरोग्यशिक्षण. लक्षणं काय, उपचार कुठे मिळतात, वगैरे. तपासणी नाही. बारा-तेरा वर्षं नुसतं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. मग २०१३मध्ये शिकागोत डॉ. सुरेंद्र शास्त्रींनी निकाल जाहीर केला, तपासलेल्या वस्त्यांत या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी. सभागृह उभं राहिलं असेल टाळ्यांसाठी. पण या वस्त्यांत मृत्यू कमी म्हणजे दुसऱ्या वस्त्यांत ते जास्त, नाही का? पॅप स्मिअर, म्हणजे पेशी काढून तपासणं, जगात कित्येक दशकं होती. तपासणीने बायका वाचतात हे ठाऊक होतं. ती ट्रायल अमेरिकन पैशावर चालली, आणि अमेरिकेत कुठल्या बाईला तेरा वर्षं असं तपासणीविना ठेवू दिलं असतं?"

टेबलावर चहा निवत होता. मावशी चिडली नाही. या प्रश्नाला उत्तर द्यायची तिची ही पहिली वेळ नसावी.

"अमेरिकेतल्या डॉ. एरिक सूबा यांनी हेच विचारलं होतं, आणि ते विचारणं योग्यच होतं. ट्रायल घेणाऱ्या डॉक्टरांचं उत्तर असं की १९९८मध्ये त्या वस्त्यांत पॅप स्मिअर होतच नव्हती. ती करायला प्रयोगशाळा लागते, तपासणारे पॅथॉलॉजिस्ट लागतात, रिपोर्ट यायला दिवस लागतात, मग त्या बाईला पुन्हा शोधून आणायचं. व्हिनेगरचं उत्तर तिथल्या तिथे मिळतं. पण व्हिनेगरने मृत्यू कमी होतात का हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ट्रायल नसती तर एक लाख एक्कावन्न हजारांपैकी एकीलाही तपासणी मिळाली नसती. आणि ट्रायल संपल्यावर दुसऱ्या गटातल्या बायकांनाही तपासणी देऊ केली."

"नसतीच मिळाली, हे सरकारचं पाप. ते पाप ट्रायलचा आधार कसं होईल? उपाशी माणसाला अर्धी भाकरी दिली म्हणून दुसऱ्या उपाशाला उपाशी ठेवून दोघांचं वजन करायचा हक्क मिळतो का?"

हे वाक्य मावशीला लागलं. ती म्हणाली, "याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. माझ्याकडे फक्त एवढंच आहे की सरकारने पुराव्याशिवाय काही केलं नसतं."

"आणि पुरावा मिळाल्यावर केलं?"

इथे मला धाकटीला बोलू द्यायचं आहे, कारण या संबंध वादातला सगळ्यांत भक्कम मुद्दा तिचा आहे, आणि तो माझाही आहे.

"उस्मानाबाद," ती म्हणाली. "आता धाराशिव. डॉ. शंकरनारायणन यांची ट्रायल, बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाच्या मदतीने. ५२ गावसमूह, ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार बायका, चार गट. एकाला एचपीव्ही विषाणूची चाचणी, एकाला पॅप स्मिअर, एकाला व्हिनेगर, एकाला काही नाही. २००९मध्ये निकाल छापून आला. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर. चाचणी झालेल्या गटात ३४, काहीच न झालेल्या गटात ६४. आणि व्हिनेगरच्या गटात लक्षणीय फरक नाही. २०२१मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जगभराच्या बायकांसाठी एचपीव्ही चाचणीलाच पहिली पसंती दिली. उस्मानाबादच्या ज्वारीच्या शेतांतून उठून बायका तपासणीला आल्या, त्यातून हे ज्ञान तयार झालं. आता मला सांग, आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात २०१६मध्ये कुठली चाचणी ठेवली?"

"व्हिनेगर," मावशी म्हणाली.

"आणि तीही होते का? २०१९ ते २१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या तीस ते एकोणपन्नास वयाच्या बायकांपैकी आयुष्यात एकदा तरी गर्भाशयमुखाची तपासणी झालेल्या शंभरात दोनसुद्धा नाहीत. ज्यांच्या शरीरावर ज्ञान उभं राहिलं, त्यांच्या सुनांपर्यंत ते पोचलं नाही. चिठ्ठी टाकण्याबद्दल मी तुझं ऐकलं. अन्याय चिठ्ठीत नसेलही. अन्याय नंतर होतो, सगळे टाळ्या वाजवून घरी गेल्यावर."

मावशीने मान हलवली. वाद सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच दोघी एका बाजूला होत्या, आणि मग बोलणं संमतीकडे वळलं ते वेगळ्या सुराने.

मावशी म्हणाली, "चौदा पानांचा कागद हा रुग्णासाठी कमी आणि कोर्टासाठी जास्त असतो. हे तुम्हा वकिलांमुळे झालंय, पण ते असो. मी कागद वाचून झाला की पेशंटला म्हणायचे, आता तुम्ही मला सांगा, काय समजलं. लातूरकडची एक बाई होती. म्हणाली, डॉक्टरसाहेब देतील ते घेईन. मी म्हटलं, बाई, डॉक्टरसाहेब देणार नाहीत, मशीन देणार आहे, डॉक्टरसाहेबांनाही निवडता येणार नाही. तिचा विश्वासच बसेना. एवढे मोठे डॉक्टर आणि त्यांना निवडता येत नाही? तिचा अंगठा मी त्या दिवशी घेतला नाही. जावयाला घेऊन उद्या या म्हटलं. दुसऱ्या दिवशी ती नको म्हणाली आणि नेहमीचे उपचार घेऊन गेली. नको म्हणणारे पेशंट आले की मला बरं वाटायचं. हो म्हणणाऱ्यांच्या होकाराला त्याने अर्थ येतो."

"तुझ्यासारख्या किती असतील?"

"माहीत नाही. म्हणून तर ट्रायल तपासून मान्यता देणारी एथिक्स कमिटी. नियमाने किमान सात जण, निम्मे संस्थेबाहेरचे, त्यात एक कायद्याचा माणूस, एक अगदी सामान्य माणूस, बाईसुद्धा हवी. आणि मामाच्या ट्रायलसारखी, बाजारात असलेल्या औषधाचा नवा उपयोग तपासणारी संस्थेची ट्रायल असेल तर ती पुष्कळदा दिल्लीच्या औषध नियंत्रकांच्या परवानगीविना कमिटीच्या मान्यतेवर चालते. तेव्हा त्या कमिटीवर फार भार असतो."

"आणि काही वाईट झालं तर? कंपनी नाही म्हणजे विमा कोण भरणार?"

"संस्थेने विमा किंवा राखीव निधी ठेवायचा, असं आयसीएमआरच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे. तू विचार त्यांना, कुठून देणार म्हणून. विचारायलाच पाहिजे."

एवढ्यात आतल्या खोलीतून मामा आला. त्याचं तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नाही, त्यामुळे शब्द जाड येतात, पण कळतात. त्याने खुर्ची ओढली आणि धाकटीच्या हातातला कागद स्वतःकडे घेतला.

"माझ्या सहीचं तुम्ही दोघी ठरवताय," तो म्हणाला.

धाकटी ओशाळली. मावशीने विचारलं, "दादा, वाचलंस का सगळं?"

"वाचलं. सातवं पान दोनदा. पहिल्या गटात गेलो तर जास्तीचं औषध नाही. कधीही सोडता येतं. सोडलं तरी उपचार बंद नाहीत." त्याने थांबून रुमालाने ओठ टिपले. "तिकिटं फाडत होतो, तरी वाचायला येतं मला."

"मग काय करायचं ठरवलंस?" धाकटीने विचारलं.

"सही करणार. पण पुढच्यांचं भलं होईल म्हणून नाही. मला त्यांची देखरेख हवी. ट्रायलमध्ये असलं की दर तीन आठवड्यांनी बोलावतात, रक्त तपासतात, फोन करतात, लाइनीत बसवत नाहीत. आणि जास्तीचं औषध मिळालं तर मिळालं."

हे ऐकून धाकटीचं तोंड पडलं, कारण तिच्या दृष्टीने हीच तर गोम होती. चांगली देखरेख ट्रायलमध्येच मिळत असेल तर गरीब माणूस देखरेखीसाठी सही करतो, आणि ती सही मोकळी राहत नाही. ती ते बोललीही. मामाने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "बाळ, मोकळी सही मी आयुष्यात कुठे केली? नोकरीच्या कागदावर? घराच्या कर्जावर? त्यातल्या त्यात ही बरी आहे. इथे नको म्हणालो तर कुणी रागावणार नाही, एवढं मला दिसलं."

मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं. मी ते लिहायचं टाळलं असतं, पण आलं ते आलं.

मग मामा म्हणाला, "पण हिने मघाशी उस्मानाबादचं सांगितलं ते मला पटलं. मी आतून ऐकत होतो. यांचा निकाल लागल्यावर मला कळवणार का?"

धाकटीने कागद परत घेतला आणि सगळी पानं चाळली. औषधाचे दुष्परिणाम होते, रक्त किती काढणार ते होतं, माहिती गुप्त ठेवण्याबद्दल होतं, नुकसानभरपाईचा परिच्छेद होता, आणि तो तिच्या मते बरा होता. निकाल रुग्णाला कळवण्याबद्दल एक ओळही नव्हती. "हेलसिंकी जाहीरनाम्यात आहे," ती म्हणाली. "डॉक्टरांच्या जागतिक संघटनेने १९६४मध्ये केलेला, २०१३च्या आवृत्तीत स्पष्ट लिहिलंय. भाग घेणाऱ्या प्रत्येकाला निकाल कळवून घ्यायचा पर्याय मिळाला पाहिजे. आमच्या मामाला तो पर्याय हवाय."

शेवटच्या पानावर एथिक्स कमिटीच्या सचिवांचा नंबर होता. संमतीपत्रावर तो असावाच लागतो, पण तो लावून बघणारे किती असतील. धाकटीने लावला. दुसऱ्या रिंगला कुणीतरी उचलला. तिने स्वतःची वकिली न सांगता, रुग्णाची भाची बोलतेय, एवढंच सांगून प्रश्न विचारला. पलीकडून बाईंनी आधी "असं कुणी विचारलं नव्हतं" म्हटलं, मग थोडं थांबून म्हणाल्या, लेखी द्या, पुढच्या बैठकीत ठेवते. निकाल लागल्यावर मराठीत एक पानाचं पत्र काढणं अवघड नाही.

पत्र तिथेच टेबलावर लिहायला घेतलं. धाकटीने मसुदा केला, मामाने "नम्र विनंती" काढून "विनंती" ठेवायला लावलं. ट्रायलमध्ये असलेल्या सर्व रुग्णांना निकाल त्यांच्या भाषेत कळवावा, आणि जास्तीचं औषध उपयोगी ठरलं तर ज्या गटाला ते मिळालं नाही त्यातल्या रुग्णांना ते संस्थेने आधी द्यावं. खाली मामाचा कराडचा पत्ता.

मावशीने चष्मा लावून सगळं वाचलं. "दोन बदल कर," ती म्हणाली. "'रुग्णांना' आहे तिथे 'रुग्णांना किंवा त्यांच्या नातेवाइकांना' कर. आणि दादाच्या पत्त्याखाली तुझा पत्ता घाल. असल्या ट्रायलचा निकाल यायला चार-पाच वर्षं लागतात."

मामा म्हणाला, "फोन नंबरही घाल."